संघबांधणी : गुणवत्ता आणि जागा

संघ निवडताना सर्वोत्तम खेळाडू घ्यावा की रिकाम्या जागेस योग्य असा, हा प्रश्न जुनाच आहे. 1984 च्या एनबीए ड्राफ्टमध्ये पोर्टलंडकडे मायकेल जॉर्डनच्याच जागेवर खेळणारा क्लाईड ड्रेक्सलर होता. म्हणून संघाने सेंटर सॅम बोवीची निवड केली. दुखापतींनी बोवीची कारकीर्द खुंटली. जॉर्डनने शिकागोला सहा विजेतेपदे मिळवून दिली.

यावरून जागेचा विचार गौण ठरत नाही. काळेवाडीपासून जवळच असलेल्या बालेवाडीत घरचे सामने खेळलेला प्रो कबड्डीतील पुणेरी पलटण संघ याचे उदाहरण होय. 2023 मध्ये डावा कोपरारक्षक फझल अत्राचली गुजरातकडे गेला, तेव्हा पलटणने त्याच कोपऱ्यासाठी मोहम्मदरेझा शादलुईला 2.35 कोटी रुपयांना घेतले. चढाईची बाजू अस्लम इनामदार व मोहित गोयत सांभाळत होतेच. त्याच लिलावात तेलुगू टायटन्सने चढाईपटू पवन सेहरावतसाठी 2.605 कोटी मोजले. तो संघ तळाशी राहिला, तर पलटण 1 मार्च 2024 रोजी विजेती ठरली.

बास्केटबॉलमध्ये समान जागेचे दोन खेळाडू एकत्र खेळू शकतात. कबड्डीत कोपऱ्याची उणीव चढाईपटू भरून काढू शकत नाही. गुणवत्ता व जागा यांचा तोल म्हणूनच खेळाच्या रचनेवर अवलंबून असतो.