सागरी व्हीएचएफ संचाची जोडणी

सागरी व्हीएचएफ संच हे नौकेवर कायम बसविलेले, बोलणे व ऐकणे अशा दोन्ही कामांचे बिनतारी यंत्र होय. पालघर जिल्ह्यातील सातपाटीसारख्या बंदरांतून समुद्रात जाणाऱ्या मासेमारी नौकांवर ते वापरले जाते.

संच सामान्यतः १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो. लाल तार धन व काळी तार ऋण टोकास, फ्यूजसह जोडतात. २५ वॉट शक्तीने प्रक्षेपण करताना सुमारे ५ ते ६ अँपिअर प्रवाह लागतो. बारीक तार येथे चालत नाही. मायक्रोफोनच्या पिनांचा क्रम कंपनीगणिक बदलतो, म्हणून प्लग बसला म्हणजे जोडणी जुळली असे नव्हे.

सर्वांत मोलाची, तरी सहज राहून जाणारी जोडणी जीपीएसची आहे. डीएससी सुविधा असलेल्या संचाची लाल कळ दाबून धरल्यास वाहिनी ७० वरून (१५६.५२५ मेगाहर्ट्‌झ) संकटसंदेश जातो, पुढील बोलणे वाहिनी १६ वर (१५६.८ मेगाहर्ट्‌झ) होते. संचात स्वतःचा जीपीएस नसेल, तर बाहेरील जीपीएसची माहिती बाहेर देणारी तार संचाच्या माहिती घेणाऱ्या तारेस जोडावी लागते. ती उलट जोडली किंवा खाऱ्या हवेने गंजून तुटली आणि स्थान हातानेही भरलेले नसले, तर संदेश जातो, पण त्यात नौकेचे अक्षांश-रेखांश नसतात.