पडदा एक, घडणी तीन

भुसावळ-दीपनगर पट्ट्यातल्या आमच्या पिढीला सिनेमा भेटला तो बहुतेक जत्रेत. महाशिवरात्रीला चांगदेव-मुक्ताईनगरची यात्रा भरली की पाळण्यांच्या पल्याड टुरिंग टॉकीजच्या कनाती लागत. नट कोण, मारामारी किती, यावर पोरं तासन्‌तास बोलत. पडद्याच्या मापाबद्दल मात्र कोणी बोलत नसे. त्या मापालाही इतिहास आहे, आणि तो आता घराघरात येऊन पोचला आहे.

सुरुवातीचा सिनेमा चौकोनी होता. मूकपटाची चौकट 4 भाग रुंद, 3 भाग उंच. दादासाहेब फाळक्यांच्या 1913 च्या ‘राजा हरिश्चंद्र’चा जमाना तो. पुढे बोलपट आले, आवाजाची पट्टी फिल्मच्या कडेला बसली, आणि 1932 साली अमेरिकेत 1.37 ला 1 हे माप ठरलं. फरक फार नव्हता. प्रभातचा 1936 चा ‘संत तुकाराम’ही असा चौकोनाजवळचाच.

मग अमेरिकेत घरोघर टीव्ही आला नि थेटरं ओस पडू लागली. घरातल्या डब्यात मावणार नाही असं चित्र दाखवायचं म्हणून 1953 साली ‘द रोब’ हा पहिला सिनेमास्कोप चित्रपट आला. युक्ती फ्रान्सच्या हेन्री क्रेतियाँ या शास्त्रज्ञाची. कॅमेऱ्यापुढचं खास भिंग रुंद चित्र आडवं दाबून निम्म्या जागेत बसवायचं. दाखवताना मशीनपुढं तसलंच भिंग लावलं की चित्र परत दुप्पट पसरायचं. आपल्याकडे हे 1959 साली गुरुदत्तच्या ‘कागज के फूल’मध्ये आलं, कॅमेरा व्ही. के. मूर्तींचा. पुढे कर्ण्यावरून ‘ईस्टमनकलर, सिनेमास्कोप’ असं ओरडून सांगितलं की तंबूपुढं गर्दी वाढायची.

पण तंबूतलं कापड तेच! हिशेब करून पाहा. 20 फूट रुंद कापडावर जुना सिनेमा साडेचौदा फूट उंच दिसतो. स्कोपचं माप 2.35 ला 1, म्हणून त्याच कापडावर तो साडेआठ फुटांवर येतो. उंची तशीच ठेवायची तर कापड 34 फूट लागेल, ते तंबूत आणायचं कुठून? म्हणून ऑपरेटर भिंग बदलायचा, मशीनच्या खिडकीतली पत्र्याची चौकट बदलायचा नि चित्र बेतून बसवायचा. एका जत्रेत स्कोपचं भिंग न लावताच रीळ चालू झालं. नायक-नायिका बाजरीच्या ताटासारखे लांबलचक झाले. मागून कोणी तरी ओरडलं, “काय भो, याले जेवू घाला कोणी तरी!” सारा तंबू हसला. चूक आम्हा अडाण्यांनाही दिसली, कारण माणूस केवढा असतो ते डोळ्याला ठाऊक असतं.

नंतर टीव्ही आमच्याकडेही आला. 1987 चं ‘रामायण’ साऱ्या गावानं पाहिलं ते 4 ला 3 च्याच चौकटीत. व्हिडिओवर रुंद सिनेमा पाहायचा तर कधी त्याच्या दोन्ही कडा कापलेल्या असत. कडेला उभा माणूस बोलायचा, पण दिसायचा नाही. आजचे टीव्ही नि घरचे प्रोजेक्टर 16 ला 9 चे. हे दोन्हींच्या मधलं माप, म्हणून दोन्हींना थोडं थोडं अपुरं.

दीपनगरच्या वीज केंद्रात माझा पुतण्या आहे. त्यानं वसाहतीतल्या घरात प्रोजेक्टर बसवला, पडदा 8 फूट रुंद, साडेचार फूट उंच. दिवाळीत त्यानं घरातल्या लग्नाची जुनी कॅसेट उतरवून लावली. पडदा काठोकाठ भरला होता, पण माझी माय त्यात ओळखू येईना. काडीसारखी बाई ती, पडद्यावर गोल, बुटकी दिसत होती. तिचा फोटोही घरात फारसा नाही. मी म्हणालो, “बाळा, ही चार-तीनची कॅसेट आहे, ताणू नको.” त्यानं सेटिंगमध्ये 4:3 केलं. दोन्ही बाजूंना एकेक फूट काळं आलं नि मधल्या सहा फुटांत माय जशी होती तशी उभी राहिली. पुतण्या म्हणाला, “काका, आजी एवढी बारीक होती?” तिच्यामागं तो जन्मलेला.

लोकांना ते काळं सलतं. पैसे पूर्ण पडद्याचे दिले नि चित्र कमी, असं वाटतं. स्कोप लावला की त्याच पडद्यावर वर-खाली साडेसहा-साडेसहा इंच काळं राहतं. कोणी झूम करून ते घालवतो, मग कडा जातात. कोणी ताणतो, मग माणसं बिघडतात. ज्याला ऐपत आहे त्यानं रुंद पडदा घ्यावा, स्कोपला झूम वाढवावा, वर-खालचं काळं पडद्याबाहेर जाऊ द्यावं, आणि जुन्या सिनेमाला झूम परत कमी करावा. बाकीच्यांनी उरलेल्या जागेवर काळं कापड सोडलं तरी भागतं. कापड विशीतिशीच्या पोरांनाही लावता येतं. फक्त लावण्याआधी चित्र कोणत्या काळातलं आहे, एवढं विचारायला हवं.