‘बाबा, तुम्ही बसा’

हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला माणूस घरी परतला की मुले त्याच्या हातातली भाजीची पिशवीसुद्धा काढून घेतात. ‘बाबा, तुम्ही बसा.’ या प्रेमळ वाक्यामागे मोठा इतिहास आहे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात झटक्यावरचा मुख्य उपाय सक्तीची विश्रांती हाच होता. रुग्ण चार-सहा आठवडे बिछान्यात असे, आणि पुष्कळदा त्याला स्वतःच्या हाताने जेवायचीही मनाई असे. हृदयाची जखम भरण्याआधी हालचाल केली तर स्नायू फाटेल, ही भीती. १९५२ साली बॉस्टनच्या सॅम्युएल लेव्हिन आणि बर्नार्ड लाऊन यांनी रुग्णांना पहिल्या आठवड्यातच आरामखुर्चीत बसवल्याचे अनुभव प्रसिद्ध केले. त्याआधी रुग्णालयात त्यांना बराच विरोध झाला होता. पण खुर्चीत बसलेल्या माणसाला आपण मरणपंथाला लागलो आहोत असे वाटत नव्हते!

सप्टेंबर १९५५मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर यांना झटका आला. डॉ. पॉल डडली व्हाइट यांनी पत्रकारांना साध्या भाषेत हा आजार समजावून सांगितला; रुग्ण पुन्हा कामाला लागू शकतो, हेही. साऱ्या देशाचीच शिकवणी झाली म्हणा ना. पुढच्या वर्षी आयसेनहॉवर पुन्हा निवडून आले.

आपल्याकडे ही शिकवणी उशिरा पोचली. माझ्या वडिलांना १९७४ साली झटका आला. डॉक्टर म्हणाले, ‘जपा.’ काय करायचे नाही ते सांगितले, काय करता येईल ते कुणीच नाही. वडील पुढे एकोणीस वर्षे जगले, पण वाचनालयाचा जिना पुन्हा चढले नाहीत. नव्या माणसाला ते स्वतःची ओळख ‘हार्ट पेशंट’ अशी करून देत. निवृत्त शिक्षक होते, हे नंतर कधीतरी कळायचे.

मराठीत ही उणीव एका रुग्णानेच भरून काढली. गडचिरोलीत काम करणारे डॉ. अभय बंग स्वतः डॉक्टर, तरी ऐन चाळिशीत त्यांना झटका आला. ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’मध्ये त्यांनी आपल्या चुका, भीती, बदललेला आहार, चालणे, ध्यान, सारे मोकळेपणाने मांडले. शीर्षकातला ‘साक्षात्कारी’ हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. वडील असताना हे पुस्तक हाती आले असते तर, असे अनेकदा मनात येते.

परवा कॉर्निशवर ओळखीचे एक गृहस्थ लेकीबरोबर भेटले. झटक्याला तीन महिने झालेले. किती मिनिटे चालायचे, किती वजन उचलायचे, हे लिहिलेला डॉक्टरांचा कागद त्यांनी खिशातून काढून मला दाखवला. पाण्याची बाटली आणि फळांची पिशवी त्यांच्याच हातात होती.