पोटातली दुर्बीण

मध्यरात्री पोटात कळ उठून घरातला माणूस गडबडा लोळू लागला, की आम्हां नाशिककरांच्या तोंडी पहिला प्रश्न येई : आता पोट उघडणार की काय? भीती खोटी नव्हती. आत काय बिघडले ते पाहायलाच पूर्वी वीतभर चीर घ्यावी लागे. कधी आत काहीच सापडत नसे. टाके मात्र रोग्याच्या पदरी!

ड्रेस्डेनच्या गेओर्ग केलिंगला वाटले, पोटात हवा भरून दाबानेच आतला रक्तस्राव थांबवावा. त्या हवेचा परिणाम पाहण्यासाठी १९०१ साली त्याने कुत्र्याच्या पोटात दुर्बीण घातली. मूळ कल्पना मागे पडली, पाहण्याची युक्ती तेवढी टिकली. १९८० मध्ये जर्मनीतच कुर्ट झेम यांनी अपेंडिक्स असे काढले, तेव्हा स्वकीयांनीच त्यांना धारेवर धरले. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उदवाडिया १९७२ पासून दुर्बिणीने निदान करीत; १९९० साली त्यांनी भारतात प्रथमच पित्ताशय असे काढले.

आता सुरा लागलेला माणूस घ्या. जखम पोटाच्या आतल्या पडद्यापार गेली का, एवढे दुर्बिणीने पाहिले तरी कित्येकदा मोठी चीर टळते. फुटलेला अल्सरही छिद्रांतून शिवता येतो. पण रक्तदाब कोसळतोय, नाडी लागत नाही, तेव्हा हा हट्ट नको. भरलेल्या वायूच्या दाबाने हृदयाकडे परतणारे रक्त आणखी अडते. केलिंगला तारक वाटलेला दाब तो हाच! अशा वेळी सर्जन सरळ पोट उघडतो.