चित्रपट आणि वयाची अट

कोणी कोणता चित्रपट पाहावा, हे ठरविणारे मंडळ कोण, असे आपण विचारतो. ‘यू’ आणि ‘ए’ हा भेद १९४९ सालचा. १९५१ साली केंद्रीय मंडळ आले आणि एकच दाखला मुंबईपासून मुलचेऱ्यापर्यंत चालू लागला. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या अनुबोधपटात मुंबईच्या वेश्यावस्तीची दृश्ये होती. ‘ए’ मिळताच ते सर्वोच्च न्यायालयात गेले. खटल्यात सरकारने ‘यू’ देऊ केला, तरी ते हटले नाहीत! १९७० साली न्यायालयाने पूर्वपरीक्षण वैध ठरविले. पण कला आणि अश्लीलता यांतला भेद नियमांत उतरावा, असेही बजावले. आम्हांस हा दुसरा भागच मोलाचा वाटतो. १९८३ साली ‘यूए’ आला. २०२३ च्या दुरुस्तीने त्याचे ७, १३ आणि १६ वर्षे असे टप्पे झाले. तेथे निवड पालकांची. ‘ए’ला मात्र थिएटरवाल्याने दारातच अडवायचे.