पुण्याच्या नावाचे संघ

२१ मार्च २०१० रोजी चेन्नईत आयपीएलच्या दोन नव्या संघांसाठीचे लखोटे फुटले. सहारा समूहाने पुण्यासाठी ३७ कोटी डॉलर्स देऊ केले होते, तेव्हाच्या दराने सुमारे १,७०२ कोटी रुपये. दुसऱ्या लखोट्यातून कोचीसाठी ३३ कोटी ३३ लाख डॉलर्सचा आकडा निघाला. दोन्ही मिळून ७० कोटी डॉलर्सच्या वर. जानेवारी २००८ मध्ये मुंबईपासून जयपूरपर्यंतचे आठही संघ मिळून सुमारे ७२ कोटी ३६ लाख डॉलर्सना विकले गेले होते. दोन वर्षांत दोन संघांचा भाव आधीच्या आठांच्या जवळ येऊन ठेपला. वर्तमानपत्रांनी तेव्हा या आकड्यांना शहराच्या प्रतिष्ठेचे माप मानले. पुणे मुंबईच्या तिप्पट भावाने गेले, याचा काहींना आनंदही झाला.

त्या आकड्याच्या मागचे गणित मात्र प्रतिष्ठेचे नव्हते. किमान बोली साडेबावीस कोटी डॉलर्स ठेवली होती आणि रक्कम दहा वर्षांत फेडायची होती. म्हणजे पुण्याच्या मालकाने दरवर्षी ३ कोटी ७० लाख डॉलर्स क्रिकेट मंडळाकडे भरायचे, संघ जिंको वा हरो, मैदान भरो वा रिकामे राहो. बोली लावताना हंगामात ९४ सामने होतील असे गृहीत धरले होते. दहा संघ, प्रत्येकाने प्रत्येकाशी घरी एक आणि बाहेर एक सामना खेळायचा, म्हणजे प्रत्येकी १८ आणि एकूण ९०. वर बाद फेरीचे चार. २०११चा हंगाम प्रत्यक्षात ७४ सामन्यांचा झाला. पुण्याच्या वाट्याला १८ऐवजी १४ सामने आले. सहाराने रकमेत पंचवीस टक्के सूट मागितली. १८तून ४ वजा केले तर घट बावीस टक्क्यांची होते, तेव्हा मागणी थोडी फुगवलेली असली तरी निराधार नव्हती. पुढची सगळी भांडणे या एका वजाबाकीतून निघाली, असे माझे मत आहे. तेव्हाच्या बातम्यांत ती रुसव्याफुगव्याची कहाणी म्हणून आली, पण जमाखर्च समोर ठेवला की रुसवा बराच कमी दिसतो.

४ फेब्रुवारी २०१२ रोजी, खेळाडूंच्या लिलावाच्या दिवशीच, सहाराने मंडळाशी असलेले सगळे संबंध तोडल्याचे जाहीर केले. २००१पासून भारतीय संघाच्या अंगावर असलेले त्यांचे नावही त्यात आले. कारणांच्या यादीत युवराज सिंग होता. १८ लाख डॉलर्सना घेतलेला हा खेळाडू कर्करोगावर उपचार घेत होता, आणि त्याच्यावरची रक्कम लिलावात वापरू द्यावी ही मागणी मंडळाने मानली नव्हती. बारा दिवसांत, १६ तारखेला, समेट झाला. मे २०१३ मध्ये मात्र मंडळाने सुमारे १७० कोटींची बँक हमी वटवली आणि २१ तारखेला सहाराने पुणे वॉरियर्स कायमचे सोडले. ऑक्टोबरमध्ये मंडळाने करारच रद्द केला. तीन हंगामांतला संघाचा क्रम असा: २०११ मध्ये दहापैकी नववा, २०१२ मध्ये नऊपैकी नववा, २०१३ मध्ये नऊपैकी आठवा. ख्रिस गेलच्या १७५ धावा २३ एप्रिल २०१३ रोजी बंगळुरूत याच संघाविरुद्ध झाल्या. विक्रमांच्या यादीत प्रतिस्पर्धी म्हणून का होईना, पुण्याचे नाव तेवढे राहिले.

हा संघ पुण्याचा कितपत होता हे धावफलकांवरच्या मैदानांच्या नावांवरून ताडून पाहता येते. २०११चे ‘घरचे’ सामने नेरुळला, डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाले. पुण्यात तोवर मोठे क्रिकेट नेहरू स्टेडियमवर होत असे. १९९६च्या विश्वचषकात केनियाने वेस्ट इंडीजला हरवले ते तिथेच. पण ती जागा महापालिकेची आणि सामने महाराष्ट्र क्रिकेट संघटनेचे. भाडेकरूपणाला कंटाळलेल्या संघटनेने द्रुतगती महामार्गाला लागून गहुंजे येथे स्वतःचे स्टेडियम उभे केले. ते मावळ तालुक्यात येते, म्हणजे पुणे महापालिकेच्या हद्दीबाहेर. १ एप्रिल २०१२ रोजी शरद पवारांच्या हस्ते उद्घाटन झाले तेव्हा दर्शनी भागावर सुब्रत रॉय सहारा हे नाव होते. पैशांचा वाद झाल्यावर ते उतरले आणि संघटनेचे नाव राहिले. जमीन, खुर्च्या, खेळपट्टी, सगळे संघटनेचे. संघाच्या मालकाने विकत घेतला होता तो एका स्पर्धेत खेळण्याचा हक्क, आणि तोही हप्त्याने.

क्रिकेटच्या गोंगाटात पुण्यातल्या फुटबॉलचे कागद फारसे कुणी चाळलेले नाहीत. खरे तर मालकीचा अभ्यास करायचा तर बालेवाडीइतकी चांगली जागा दुसरी नाही. १९९४च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बांधलेले आणि २००८च्या राष्ट्रकुल युवा स्पर्धांसाठी नव्याने सजवलेले हे क्रीडासंकुल सरकारी आहे. तिथे पहिला व्यावसायिक पाहुणा आला तो पुणे एफसी. अशोक पिरामल समूहाने २००७ मध्ये क्लब काढला, दुसऱ्या श्रेणीत खेळवला, २००९ मध्ये आय-लीगमध्ये चढवला. २००९-१० मध्ये तिसरा आणि २०१२-१३ मध्ये चर्चिल ब्रदर्सच्या मागे दुसरा क्रमांक. मामुर्डीला स्वतःची अकादमी होती. या क्लबची बोली कुठल्या लिलावात लागली नव्हती. तो पायरीपायरीने वर आला होता. पुण्यात संघ ‘उभारणे’ म्हणता येईल असे काम झाले असेल तर ते इथे.

२०१४ साली इंडियन सुपर लीग आली आणि चित्र उलटले. या लीगमध्ये वर चढून येण्याची शिडी नव्हती. जागा विकत घ्यायची होती. पुण्याची जागा वाधवान समूहाने घेतली. एप्रिलमधल्या घोषणेत त्यांच्यासोबत सलमान खानचे नाव होते, पुढे भागीदार म्हणून हृतिक रोशन आला. फिओरेंटिना हा इटालियन क्लबही जोडीला होता आणि पहिल्या वर्षी डेव्हिड ट्रेझेगे मैदानात दिसला. त्याच हंगामात कल्याणी समूहाने आय-लीगमध्ये भारत एफसी उतरवला. त्यांचेही घर बालेवाडीच. तो एक हंगाम खेळला, तक्त्यात तळाशी राहिला आणि २०१५ मध्ये बंद झाला. पुणे एफसीनेही त्याच वर्षी गाशा गुंडाळला. पाठोपाठ डी. एस. कुलकर्णी समूहाचा डीएसके शिवाजीयन्स आय-लीगमध्ये आला, लिव्हरपूलच्या नावाची अकादमी घेऊन. मुळात १९८७ सालचा हा स्थानिक क्लब, त्याला थेट प्रवेश मिळाला. दोन हंगामांनंतर, २०१७ मध्ये तोही बाहेर.

तीनेक वर्षांच्या अवधीत चार मालकांचे चार क्लब एकाच सरकारी मैदानावर खेळून गेले. प्रत्येक उद्योगसमूहाने आपला वेगळा क्लब उतरवला, दुसऱ्याचा कुणी पुढे चालवला नाही. पुणे एफसीच्या अकादमीचा अपवाद आहे. ती एफसी पुणे सिटीने पदरात घेतली. मग २०१७-१८ मध्ये एफसी पुणे सिटी उपांत्य फेरीपर्यंत गेला. मार्सेलिनो आणि अल्फारो या जोडीचा तो हंगाम बालेवाडीचे प्रेक्षक अजून आठवतात. पुढच्या वर्षी पैशांची तंगी जाणवू लागली आणि ऑगस्ट २०१९ मध्ये लीगमधली ती जागा हैदराबाद एफसी या नव्या संघाकडे गेली. मालक नवे, शहर नवे, नाव नवे. २०२२च्या मार्चमध्ये हैदराबादने केरळ ब्लास्टर्सला पेनल्टीवर हरवून विजेतेपद मिळवले. पुण्याला पाच वर्षांत न मिळालेला चषक त्या जागेला तिसऱ्या हंगामात मिळाला.

क्रिकेटकडे परत यायचे तर ८ डिसेंबर २०१५ या दिवसाकडे यावे लागते. चेन्नई आणि राजस्थान या दोन संघांवर न्यायमूर्ती लोढा समितीने दोन वर्षांची बंदी घातली होती आणि मंडळाला तेवढ्याच मुदतीचे दोन संघ हवे होते. या वेळी लिलाव उलटा लावला गेला. मध्यवर्ती उत्पन्नातून मंडळ संघाला वर्षाला जास्तीत जास्त ४० कोटी देणार, आणि त्यापेक्षा कमी घ्यायला जो तयार होईल त्याला संघ. संजीव गोयंका यांच्या कंपनीने पुण्यासाठी बोली लावली ती उणे १६ कोटींची. म्हणजे मंडळाकडून काही घेणे दूरच, उलट वर्षाला १६ कोटी आपण देऊ. ४० ते उणे १६, फरक ५६ कोटींचा. आठवडाभराने खेळाडूंची निवड झाली. पहिला मान पुण्याचा, आणि धोनी साडेबारा कोटींना आला. रहाणे, अश्विन, स्मिथ आणि ड्यू प्लेसी धरून पाच जणांचे ३९ कोटी झाले. दोन वर्षांत मोडणारा संसार थाटायला हा खर्च मोठाच होता, पण आतबट्ट्याचा म्हणवत नाही. गोयंकांनी तो संघ चालवायला शिकण्याची फी म्हणून भरला असावा, असा माझा तर्क आहे, आणि पुढच्या घटना त्याला पुष्टी देतात.

त्या दोन वर्षांतला सर्वांत महत्त्वाचा कागद क्रिकेट मंडळाचा नाही, मुंबई उच्च न्यायालयाचा आहे. २०१६चा उन्हाळा दुष्काळाचा होता. मराठवाड्यात लातूरला रेल्वेने पाणी जात होते. लोकसत्ता मूव्हमेंट या संस्थेच्या याचिकेवर १३ एप्रिल रोजी न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर नेण्याचा आदेश दिला. सांडपाण्यावर प्रक्रिया करून मैदानांना पाणी देण्याची तयारी दाखवण्यात आली, ती पुरली नाही. १ मेचा गहुंज्याचा एक सामना तेवढा सवलतीत झाला. सर्वोच्च न्यायालयाने आदेशात हात घालायला नकार दिला आणि पुण्याचा संघ विशाखापट्टणमला घर करून राहिला. संघ सातवा आला. मुंबई आणि पुणे या दोन्ही संघांना एकाच आदेशाने राज्याबाहेर जावे लागले, पण मुंबईचा संघ पुढच्या वर्षी वानखेडेवर परतणार हे ठरलेले होते. पुण्याच्या संघाकडे एकूण वर्षे दोनच होती, आणि त्यांतला अर्धा हंगाम असा गेला.

२०१७ मध्ये सगळेच बदलले. संघाच्या ‘रायझिंग पुणे सुपरजायंट्स’ या इंग्रजी नावाच्या शेवटचे एक अक्षर गळले. १९ फेब्रुवारीला धोनीकडून कर्णधारपद काढून स्मिथकडे दिले गेले, दुसऱ्या दिवशीच्या लिलावात बेन स्टोक्सला साडेचौदा कोटी मिळाले. दहा लाखांना घेतलेल्या महाराष्ट्राच्या राहुल त्रिपाठीने ३९१ धावा काढल्या. मुंबई इंडियन्सला त्या हंगामात पुण्याने तीनदा हरवले, पात्रता सामन्यात तर वानखेडेवर जाऊन. मग २१ मे रोजी हैदराबादेत अंतिम सामना. मुंबई ८ बाद १२९. शेवटच्या षटकात पुण्याला ११ हव्या होत्या, मिचेल जॉन्सनच्या त्या षटकात ९ निघाल्या, ६ बाद १२८. एका धावेने हार. तो संघ त्यानंतर पुन्हा मैदानात उतरला नाही. धोनी चेन्नईला परतला. २०१८ मध्ये कावेरीच्या आंदोलनामुळे चेन्नईचे सामने गहुंज्यात हलवले गेले, तेव्हा तो पुन्हा पुण्यात खेळला, पिवळ्या कपड्यांत, आणि तमिळनाडूहून खास रेल्वेने प्रेक्षक आले.

या सगळ्या काळात एक संघ मुकाट्याने टिकून होता. इन्शुरकोट स्पोर्ट्स या कंपनीचा पुणेरी पलटण प्रो कबड्डीच्या पहिल्या हंगामापासून, २०१४पासून, त्याच मालकाकडे आहे. पहिल्या दोन हंगामांत आठपैकी आठवा. एवढ्या वाईट सुरुवातीनंतर वॉरियर्ससारखी कथा होऊ शकली असती. पण पुढच्या दोन हंगामांत तो तिसरा आला, डिसेंबर २०२२ मध्ये अंतिम सामन्यात जयपूरकडून २९-३३ हरला आणि १ मार्च २०२४ रोजी हरियाणा स्टीलर्सला २८-२५ हरवून विजेता झाला. इराणी शादलूईवर २ कोटी ३५ लाख खर्च झाले होते हे खरे, पण कर्णधार होता नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार, आणि चढाईला आकाश शिंदे, पंकज मोहिते. कबड्डीतही जागा विकतच घ्यावी लागते, खेळाडू लिलावातच मिळतात, लीगही महासंघ आणि वाहिनीच्या मर्जीवर चालते. मालकीच्या कागदात तसा फारसा फरक नाही. फरक हा की या खेळासाठी लागणारी पोरे राज्यातल्याच गावांत आधीपासून घडत होती, आणि मालकाने दहा वर्षे धीर धरला. यांतले कशाचे श्रेय किती, हे ठरवायला एका चषकाचा पुरावा अपुरा आहे.

ऑक्टोबर २०२१ मध्ये आयपीएलने पुन्हा दोन नवे संघ विकायला काढले. निविदेत सहा शहरे होती: अहमदाबाद, लखनौ, इंदूर, कटक, गुवाहाटी आणि धरमशाला. पुणे त्यांत नव्हते. गोयंकांनी ७,०९० कोटींना लखनौ घेतले आणि पुण्यात वापरलेले नाव थोडे बदलून तिथे नेले. २०२२चा साखळी हंगाम साथीमुळे मुंबई आणि पुण्यातच खेळवला गेला. गहुंज्याच्या वाट्याला १५ सामने आले, आणि त्यांतले काही लखनौ सुपर जायंट्सचे होते.