लंब बाहेर पडतो तेव्हा

शाळेत त्रिकोणाची ओळख दोन अंगांनी होते. बाजूंवरून समभुज, समद्विभुज, विषमभुज. कोनांवरून लघुकोन, काटकोन, विशालकोन. पाठ करताना हे एकाच घरचं वाटतं, पण आपल्याकडे दुसरी वाटणी फार उशिरा आली.

बाजूंची वाटणी जुनी. ब्रह्मगुप्ताच्या 628 सालच्या ग्रंथात सम, द्विसम, विषम हे प्रकार आहेत. युक्लिडने त्याच्या कितीतरी शतकं आधी बाजू आणि कोन, दोन्हींवरून व्याख्या केल्या होत्या. पुढे युक्लिडचा भाष्यकार प्रोक्लस याने त्या एकत्र ताडल्या आणि नऊ नव्हे, सातच प्रकार निघतात हे दाखवलं. समभुज त्रिकोण काटकोनी किंवा विशालकोनी होऊच शकत नाही.

त्रिकोण सोडवायला भास्कराचार्यांना कोनाचं माप लागतच नव्हतं. सह्याद्रीच्या आश्रयाला राहणाऱ्या या गणितीच्या ‘लीलावती’त (1150) एक उदाहरण आहे: बाजू 10 आणि 17, पाया 9. लंबाने पायाचे पडणारे दोन तुकडे, म्हणजे आबाधा, काढायला गेलं की एक 15 येते आणि दुसरी ऋण 6. हे उत्तर त्यांनी टाकून दिलं नाही. ऋण म्हणजे उलट्या दिशेला. लंब पायाच्या बाहेर पडतो आणि त्याची उंची 8. विशालकोन त्रिकोण तो हाच, कोनाचं नावही न घेता ओळखलेला! मला हा त्या ग्रंथातला सर्वांत देखणा क्षण वाटतो.

आपल्याकडे कोनांची वाटणी युक्लिडबरोबर आली. अठराव्या शतकात सवाई जयसिंगाच्या पदरी असलेल्या पंडित जगन्नाथांनी युक्लिडचं पुस्तक अरबीतून ‘रेखागणित’ म्हणून संस्कृतात आणलं. इंग्रजी अमलात पाठ्यपुस्तकांतून ते मराठीत उतरलं.

शिवारात मात्र लंबाचीच रीत चालली. हिंजवडी आयटी पार्कचा तिसरा टप्पा माण गावच्या ज्या जमिनीवर पसरला, तिथला भाव आजही गुंठ्यात बोलतात. गुंठा म्हणजे 33 फुटी साखळीचा चौरस, 1089 चौरस फूट. याच साखळीने होणाऱ्या शंकू-साखळीच्या मोजणीत वाकड्यातिकड्या शेताचे त्रिकोण पाडायचे, शंकूने काटकोन साधायचा, पाया आणि लंब मोजून गुणाकार निम्मा करायचा. सर्वांत लांब बाजू पाया धरली, की लंब आतच पडतो. भास्कराचार्यांच्या त्रिकोणातही 9 ऐवजी 17 पाया धरला, तर ऋण आबाधा उरत नाही. क्षेत्रफळ तेच, 36.